कादंबरीसाठी भाषा घडवताना आधी ध्वनी ठरवावेत की व्याकरण?

प्रश्न : खाजनकाठ, चोडण

नमस्कार. मी मराठीत एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिचा प्रदेश कल्पित असला तरी त्याची भूमी गोव्यातील चोडण-दिवाडी बेटांच्या खाजनांवरून, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनींवरून, घेतलेली आहे: खारफुटी, मातीचे बांध, बांधातील मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) आणि दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे पाणी. बेटांवरचे लोक ‘नेळू’ नावाची भाषा बोलतात. घाटमाथ्यावरचे लोक स्वतःला ‘कोर्थ’ म्हणवतात, तर बेटांवरचे त्यांना ‘कोळा’ म्हणतात. दोन्ही भाषा फार पूर्वी एकच होत्या, हे कथानकाच्या उत्तरार्धात उघड होते. कोणा पात्राने सांगण्यापूर्वीच हे नाते वाचकाला शब्दांच्या रूपांवरून जाणवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आजवर इतके ठरले आहे: नेळूत महाप्राण व्यंजने नाहीत, ‘ळ’ पुष्कळ आहे आणि काही स्वर अनुनासिक आहेत. भरती लागणे, पाणी चढते असणे, पूर्ण भरणे, उतरणे आणि सुकती या पाच अवस्थांनुसार प्रत्येक क्रियापदाला पाच रूपे द्यावीत, असा विचार आहे. शब्दक्रम कर्म-क्रियापद-कर्ता असा ठेवावा असेही वाटते, कारण ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन भाषेसाठी मार्क ओक्रँड यांनी तोच क्रम निवडला होता आणि त्यामुळे ती भाषा परकी वाटते, असे वाचले आहे.

ही घडण पटण्याजोगी आहे का? ध्वनी आणि व्याकरण यांपैकी कशाला आधी हात घालावा? आणि हे सारे मराठी वाक्यांत, देवनागरीत कसे उतरवावे?

उत्तर १ : ध्वनिवेध, पणजी

आधी ध्वनी ठरवावेत, असे माझे मत आहे. मात्र भाषेचा चेहरा ध्वनींच्या यादीपेक्षा ते ध्वनी एकमेकांशेजारी कसे बसतात यावरून अधिक घडतो. हवाई बेटांच्या भाषेत व्यंजने अवघी 8 आणि मूळ स्वर 5 आहेत. तरीही तिचा एक शब्द ऐकताच ती ओळखू येते, कारण तिथे प्रत्येक अवयव (शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) स्वरान्त असतो आणि दोन व्यंजने कधीच जोडून येत नाहीत. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांनी घडवलेल्या क्वेन्या भाषेवर फिनिशची आणि सिंदारिनवर वेल्शची छाप आहे, तीही प्रामुख्याने शब्दांच्या घाटातून जाणवते. तुमचे ‘नेळू’ आणि ‘कोळा’ हे दोन्ही शब्द स्वरान्त आहेत. तोच नियम संपूर्ण भाषेला लावावा: प्रत्येक अवयव स्वरान्त, जोडाक्षर कुठेही नाही. त्याउलट ‘कोर्थ’मध्ये जोडाक्षर आहे, महाप्राण आहे आणि शब्दान्ती व्यंजन ऐकू येते. या एका विरोधावरच वाचक पुढे दोन्ही समाज कानाने ओळखू लागेल.

महाप्राण गाळण्याचा निर्णय चांगला आहे, कारण भाषा बहुधा ध्वनींच्या ओळीच्या ओळी ठेवतात किंवा गाळतात. तमिळमध्ये महाप्राणांची अशी ओळच नाही. फक्त ‘ख’ आणि ‘भ’ गाळून ‘घ’, ‘थ’ ठेवले असते, तर ते कृत्रिम वाटले असते. ‘ळ’च्या बाबतीत मराठीचीच मर्यादा पाळावी, म्हणजे तो शब्दारंभी येऊ देऊ नये. शब्दारंभीचा ‘ळ’ उच्चारताना मराठी वाचक अडखळतो, आणि असा अडथळा प्रत्येक पानावर आला तर तो त्या शब्दांवरून नजर फिरवून पुढे जाऊ लागेल.

देवनागरीचा प्रश्न मात्र तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. चित्रपटासाठी घडवलेली भाषा नटाच्या तोंडून ऐकू येते. 2015 साली ‘बाहुबली’साठी मदन कार्की यांनी रचलेल्या किळिक्कीतले जिभेचे टकार प्रेक्षकांच्या कानांवर थेट पडले. कादंबरीतली भाषा वाचकाच्या मनातच उच्चारली जाते, आणि त्या मनाला मराठी वाचनाच्या सवयी असतात. आपण ‘घर’ असे लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गाळून वाचतो. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ निराळे आहेत, ‘जीव’ आणि ‘जाळे’ यांतील ‘ज’ही निराळे आहेत, परंतु लिपीत तो भेद दिसत नाही. त्यामुळे नेळूत च-वर्ग घेतलात, तर प्रत्येक वाचक आपापल्या सवयीने उच्चार करील. तो वर्ग वगळणे, किंवा ‘चि’, ‘चे’ यांसारख्या निःसंदिग्ध जागांपुरताच ठेवणे श्रेयस्कर ठरेल. शब्दान्ती ‘अ’ ठेवू नये, नेहमी आ, ई, ऊ, ए, ओ यांपैकी स्वर असावा. स्वरान्ततेच्या नियमाने ही अडचण आपोआप सुटते.

अनुनासिक स्वरांबद्दल मी साशंक आहे. कोकणीत ते जिवंत असल्यामुळे गोव्याचा वाचक शब्दान्तीचा अनुस्वार सहज उच्चारील. परंतु प्रमाण मराठीत तसे अनुच्चारित अनुस्वार 1962च्या लेखननियमांनी लेखनातूनही गेले. नागपूरचा वाचक त्या टिंबाचे काय करील हे तुमच्या हाती राहत नाही. अर्थभेद त्यावर अवलंबून ठेवू नये.

उत्तर २ : पूर्वरंग, फोंडा

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. व्याकरणाबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण भरती-ओहोटीची कल्पना या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते आणि ती पाच रूपांच्या तक्त्यात अडकून पडू नये.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी मांडलेला एक विचार इथे उपयोगी पडेल. कोणतीही भाषा काहीही सांगू शकते, परंतु काय सांगणे अनिवार्य आहे याबाबत भाषा एकमेकींपासून वेगळ्या होतात. ‘तू कधी आलीस?’ असे विचारताना मराठी माणसाला समोरची व्यक्ती स्त्री आहे हे सांगावेच लागते. ‘आम्ही जेवायला निघालो’ आणि ‘आपण जेवायला निघालो’ यांतील एक निवडताना ऐकणाऱ्याला सोबत घेतले की वगळले, हे ठरवावेच लागते. तुर्की भाषेत घडलेली गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून कळली किंवा खुणांवरून ताडली, हा भेद भूतकाळाच्या प्रत्ययातच असतो. नेळू बोलणाऱ्याला काय सांगितल्यावाचून बोलताच येत नाही, हा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याच्या उत्तरातून तुमचे व्याकरण उभे राहील.

खाजनात राहणाऱ्या माणसाला पाणी आत येते आहे की बाहेर जाते आहे, हे सतत ठाऊक असावे लागते. मानशीची दारे त्याच पाण्याच्या दाबाने मिटतात आणि उघडतात. म्हणून पाचाऐवजी दोनच प्रत्यय ठेवावेत आणि प्रारंभी ते फक्त गतिवाचक क्रियापदांना लागावेत. समजा ‘तिवा’ म्हणजे जाणे. ‘तिवाले’ म्हणजे भरतीच्या दिशेने, जमिनीकडे जाणे. ‘तिवासो’ म्हणजे ओहोटीच्या दिशेने, समुद्राकडे जाणे. डावे-उजवे सोडून समुद्राकडे आणि डोंगराकडे अशा दिशा सांगण्याची पद्धत हवाई बेटांवर आजही आहे, त्यामुळे ही व्यवस्था मानवी भाषांच्या चौकटीतलीच आहे.

त्यानंतर काळाच्या ओघात हे प्रत्यय पसरू द्यावेत. मराठीत ‘येणे’ आणि ‘जाणे’ यांचे काय झाले ते पाहा. ‘मी हे काम करत आलो आहे’ आणि ‘परिस्थिती बिघडत गेली’ या वाक्यांत कोणी कुठून कुठे चालत गेलेले नाही. गतीचे शब्द इथे काळाचे आणि अवस्थेचे काम करू लागले आहेत. तसाच ‘-सो’ हा प्रत्यय पुढे पूर्ण झालेल्या, हातून निघून गेलेल्या क्रियेसाठी वापरला जाईल आणि ‘-ले’ जवळ येणाऱ्या क्रियेसाठी. म्हणजे भूत आणि भविष्य असे काळ तुम्हाला वेगळे निर्माण करावे लागणार नाहीत. उधाणाची (मोठी) आणि भांगाची (लहान) भरती यांतला फरक मात्र प्रत्ययात घालू नये. तो पंधरवड्याचा फरक आहे, त्याला स्वतंत्र शब्द पुरेत.

याचा कथानकालाही थेट लाभ होईल. घाटावरून आलेला, नेळू उत्तम शिकलेला एखादा हेर प्रत्येक शब्द अचूक उच्चारील, परंतु मानशीपाशी उभा असताना पाणी कोणत्या दिशेला वळले आहे याकडे त्याचे लक्ष नसेल आणि त्याच्या तोंडून चुकीचा प्रत्यय जाईल. त्या एका प्रत्ययाने तो परका ठरेल. वाचकाला ‘-ले’ आणि ‘-सो’ आधीच्या प्रकरणांतून कळलेले असल्यास, पात्रांच्या आधी वाचकच दचकेल.

शब्दक्रमाविषयी मात्र मी वेगळे सुचवतो. कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रम दुर्मीळ असला तरी ब्राझीलमधील हिश्कार्याना या भाषेत तो खरोखर आढळतो, त्यामुळे तो अशक्य नाही. परंतु मराठी वाचकावर त्याचा परिणाम फारसा होणार नाही, कारण ‘आंबा खाल्ला त्याने’ हे वाक्य आपण रोजच बोलतो. आपले कान अन्वयाकडे, म्हणजे क्रियापदाचे रूप कोणत्या शब्दाप्रमाणे बदलते याकडे, असतात. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने पोळी खाल्ली’ यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते. मराठीत ‘मी’ला तिथे प्रत्यय लागत नाही, कोकणीत मात्र ‘हांवें आंबो खालो’ असे होते. गोव्यातला वाचक या दोन व्यवस्थांमध्ये रोज ये-जा करत असतो. परकेपणा हवा असेल तर तो अन्वयात आणावा. उदाहरणार्थ, नेळूत क्रियापद ना कर्त्याच्या मागे जाईल ना कर्माच्या, ते केवळ पाण्याच्या दिशेचे ऐकेल.

उत्तर ३ : जुनी पोथी, डिचोली

दोन भाषांच्या नात्याविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

नाते दाखवण्यासाठी शब्द एकमेकांसारखे दिसणे पुरेसे नाही, ते एकमेकांपासून नियमाने वेगळे झालेले असावे लागतात. मराठी ‘घोडा’ आणि कोकणी ‘घोडो’, मराठी ‘आंबा’ आणि कोकणी ‘आंबो’: एक जोडी योगायोग वाटेल, दहा जोड्या पाहिल्यावर नियम दिसतो. संस्कृतातून प्राकृतात आणि पुढे मराठीत येतानाही असेच झाले. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. चक्र, चक्क, चाक. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन तर झिजून नाहीसेच झाले, म्हणून ‘नगर’ हा शब्द संगमनेर आणि अंमळनेर यांच्या शेवटी ‘नेर’ होऊन उरला आहे.

म्हणून आधी आदिभाषेतले काही शब्द तयार करावेत आणि त्यांवर दोन वेगवेगळे नियमसंच चालवावेत. तुमच्याच शब्दांवरून मी प्रयत्न करून पाहिला. आदिभाषेत डोंगराला ‘कोरता’ आणि पाण्याला ‘नेरुपा’ म्हणत, असे धरू. घाटावर मधला आणि शेवटचा स्वर गळतो आणि ‘र्’नंतरचे व्यंजन महाप्राण होते. त्यामुळे ‘कोर्थ’ आणि ‘नेर्फ’ हे शब्द मिळतात. बेटांवर दोन स्वरांमधला ‘र’ ‘ळ’ होतो, दोन स्वरांमधले क, त, प यांसारखे स्पर्श नाहीसे होतात आणि उरलेले स्वर मिळून दीर्घ होतात. त्यामुळे ‘कोळा’ आणि ‘नेळू’ मिळतात. म्हणजे ‘नेळू’ या नावाचा मूळ अर्थ ‘पाणी’ असा ठरतो. होडीला आदिभाषेत ‘सामिका’ म्हटले, तर घाटावर ‘साम्क’ आणि बेटावर ‘सामी’ असे शब्द होतील.

या मांडणीत तुम्ही ठरवलेल्या दोन्ही गोष्टींना इतिहास मिळतो. महाप्राण आदिभाषेत नव्हतेच, ते फक्त घाटावर निर्माण झाले. बेटांवर ‘ळ’ इतका का आहे, याचेही उत्तर मिळते. शिवाय ‘कोरता’ असे लिहिले की मराठी वाचक ते ‘कोर्ता’ असेच वाचतो, म्हणजे घाटावरचा पहिला बदल वाचकाच्या तोंडात आपसूक घडतो. जो आधुनिक मराठी कान आहे तो या बाबतीत घाटावरच्यांच्या बाजूचा आहे, आणि कादंबरीच्या दृष्टीने ही गोष्ट मला फार सुंदर वाटते.

उसन्या शब्दांकडेही लक्ष द्यावे. पोर्तुगिजांनी 1510 साली गोवा घेतल्यानंतर ‘बटाटा’ आणि ‘पगार’ यांसारखे शब्द आपल्याकडे आले. त्यांतील ‘ट’ आणि ‘ग’ स्वरांच्या मध्ये असूनही शाबूत आहेत, कारण झीज होण्याचा काळ तेव्हा केव्हाच संपला होता. त्याच वेळी ‘इग्रेजा’चे ‘इगर्ज’ (चर्च) आणि ‘जनेला’चे ‘जनेल’ (खिडकी) झाले, म्हणजे आल्या शब्दाला इथल्या तोंडाने आपला घाट दिला. समजा घाटावरच्या राजांनी बेटांवर ‘दाप’ नावाचा कर बसवला. बेटकरांना शब्दान्ती व्यंजन चालत नाही, म्हणून ते त्याचे ‘दापो’ करतील. परंतु त्यातला ‘प’ दोन स्वरांमध्ये असूनही टिकलेला दिसेल. कर, शिक्का, तुरुंग, पहारा असे अंमलाचे शब्द तेवढे या धाटणीचे ठेवावेत. राज्य कोणी केले, हे मग इतिहासाचे प्रकरण न लिहिताही उमगेल.

उत्तर ४ : मुद्रितशोधक, म्हापसा

मी हस्तलिखिते तपासण्याचे काम करते, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे. भाषा कितीही सुंदर घडली तरी तिचे शब्द शेवटी मराठी वाक्यात बसणार आहेत आणि मराठी त्यांना विभक्ती लावणार आहे. गोवा–गोव्यात, फोंडा–फोंड्यात, पेडणे–पेडण्यात, अशी आपल्या नावांची सामान्यरूपे होतात. परंतु ‘कॅनडा’चे आपण ‘कॅनडात’ करतो आणि ‘अमेरिका’चे ‘अमेरिकेत’. ज्या नावाला सामान्यरूप होते ते आपल्या घरातले वाटते, ज्याला होत नाही ते परके राहते. हा निर्णय प्रत्येक शब्दासाठी घ्यावा लागेल आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळावा लागेल.

‘कोळा’ला आपल्या सवयीने सामान्यरूप दिले, तर ‘कोळ्याला’, ‘कोळ्यांनी’ असे होईल, आणि ते रूप ‘कोळी’ या शब्दाशी तंतोतंत मिळते. नदीकाठच्या कादंबरीत वाचक तिथे मासे पकडणारा कोळीच वाचणार. तेव्हा एक तर ‘कोळाला’, ‘कोळांनी’ अशी अविकृत रूपे कटाक्षाने वापरावीत, किंवा शब्द बदलावा. आदिभाषेतला शब्द ‘कोरुता’ केल्यास वरील नियमांनीच घाटावर ‘कोर्थ’ राहील आणि बेटावर ‘कोळू’ होईल. ‘कोळूला’, ‘कोळूंनी’ यात गोंधळ नाही.

लिंगही आधी ठरवून टाकावे. ‘सामी’ ईकारान्त असल्यामुळे आणि मनात ‘होडी’ असल्यामुळे ती स्त्रीलिंगीच होईल. ‘नेळू’ भाषा म्हणून स्त्रीलिंगी, पाणी म्हणून नपुंसकलिंगी. ‘दापो’ हा ओकारान्त शब्द गोव्यातल्या वाचकाला कोकणी पुल्लिंगासारखा वाटेल, तो तसाच ठेवणे सोयीचे.

नुक्ते आणि नवी चिन्हे टाळावीत. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले आणि त्यात ‘ळ’साठी ‘एल’ हे अक्षर दोनदा लिहिले होते. ऐकणाऱ्यांच्या कानात मराठी आधीच असल्यामुळे ते चालले. नेळू मात्र कोणाच्याच कानात नाही. तिथे लिपी जे दाखवील तेवढेच ऐकू येईल, आणि परिशिष्टातली उच्चारसूची फार थोडे वाचक उघडतात.

खाजनकाठ, चोडण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच रूपे सोडून ‘-ले’ आणि ‘-सो’ हे दोनच प्रत्यय स्वीकारते, च-वर्ग आणि अनुनासिक स्वर वगळते आणि ‘कोळू’ घेते. कर्म-क्रियापद-कर्ता हा क्रमही सोडला आहे. हेराचा प्रसंग तर लिहायलाही घेतला आहे.

एक शंका उरते. भरतीचे पाणी मांडवीत गांजेपर्यंत चढते. तशा खूप आतल्या, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावात माझे एक पात्र जन्मले आहे. त्याची बोली कशी असेल? आणि संपूर्ण कादंबरीत नेळूची वाक्ये किती असावीत?

पूर्वरंग, फोंडा

त्या गावात दोन्ही नियमसंच अर्धवट पोहोचलेले असावेत. ‘र’चा ‘ळ’ झालेला असेल, परंतु स्वरांमधले स्पर्श गळलेले नसतील. म्हणजे पाण्याला ते ‘नेळुपा’ म्हणतील आणि डोंगराला ‘कोळुता’. बेटकरांना ही बोली जुनाट वाटेल, घाटकरांना अर्धवट समजेल, आणि दोन्ही भाषांचे मूळ एक असल्याचा पुरावा नेमका याच पात्राच्या तोंडी असेल. ‘-ले’ आणि ‘-सो’ हे प्रत्यय त्याच्याकडे असावेत, मात्र केवळ दिशेच्या अर्थाने. काळाच्या अर्थाने ते वापरणे ही बेटांवरची नंतरची घडामोड ठेवावी.

पूर्ण वाक्ये फार देऊ नयेत. सुटे शब्द सर्वत्र येऊ द्यावेत, परंतु पूर्ण वाक्य तिथेच यावे जिथे पात्राने उच्चारलेला प्रत्यय कथानक पुढे नेतो. ‘सामी तिवासो’ हे वाक्य पहिल्या प्रकरणात होडी समुद्राकडे निघताना येऊ द्यावे. पुढे कुणाच्या मृत्यूची वार्ता सांगताना ‘तिवासो’ हा एवढाच शब्द आला, तरी त्याचे भाषांतर द्यावे लागणार नाही.